मान न हलवता जालना रस्त्यावर

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो असे सांगितले की चिपळुणातला माणूस लगेच विचारतो, लेणी पाहिलीत का? मी नाही पाहिली. मी जालना रस्त्यावरचे एक मंगल कार्यालय पाहिले. ते आतून, बाहेरून, पंख्यांच्या आवाजासकट इतके नीट पाहिले की त्याच्यावर पुस्तिका काढता येईल. लेण्यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मंगल कार्यालयाबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून हा खटाटोप.

गेलो कशासाठी, ते आधी सांगतो. माझी कॉलेजातली मैत्रीण विद्या पुण्यात लोकमताच्या पाहण्या करते, आणि नेहमीच्या पाहण्यांवर तिचा राग आहे. ती म्हणते, तुम्ही फोडणीत मोहरी टाकलेली असते, तेवढ्यात फोन वाजतो, शहराच्या वाहतुकीबद्दल आपले मत काय? मोहरी जळू नये म्हणून तुम्ही जे बोलता त्याला जनमत म्हणतात. तिची पद्धत वेगळी. चिठ्ठ्या टाकून माणसे निवडायची. त्यांना आधी मत विचारायचे. मग त्यांना दोन दिवस एकत्र बसवायचे, विषयाची माहिती द्यायची, दोन्ही बाजू ऐकवायच्या, लहान गटांत आपसात बोलू द्यायचे, जाणकारांना प्रश्न विचारू द्यायचे. शेवटी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुसऱ्या वेळी येते ते विचार केलेल्या माणसाचे मत. पहिले मोहरीचे.

तिच्या एका गटाचा संचालक ऐन वेळी आजारी पडला आणि तिने मला फोन केला. मी हौशी रंगभूमीवरचा माणूस. लग्ने, सत्कार, बक्षीस समारंभ, जिथे माईक असेल तिथे मी असतो.

"तुझा आवाज चालेल," विद्या म्हणाली, "फक्त तो वापरायचा नाही. लोकांना बोलू द्यायचं. तुझं मत द्यायचं नाही, मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही."

"भुवईसुद्धा?"

"तुझी भुवई तर अजिबात नाही."

शुक्रवार, छावणी

उतरायची सोय छावणीत होती. छावणी म्हणजे लष्कराचा भाग. झाडे रांगेत उभी असतात, त्यांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावलेला असतो, आणि कुत्रीसुद्धा कडेकडेने चालतात. आमच्याकडे झाड त्याला हवे तिथे उगवते आणि मग आपण घर सरकवतो.

संध्याकाळी विद्या मला जुन्या शहरात नान-खलिया खायला घेऊन गेली. पिवळसर तकतकीत नान आणि मटणाचा असा रस्सा, की त्यात बोट बुडवले तर काढावेसे वाटत नाही. मी दुसरा नान मोडत असताना ती सहज म्हणाली, "कोकणातल्या माशांना तशी चव नसतेच."

मी वर पाहिले.

"नापास," ती म्हणाली. "उद्या लोक याहून वाईट बोलतील. पुन्हा करू. आंब्यांत खरा आंबा म्हणजे गुजरातचा."

त्या जेवणात तिने चिपळूण, हापूस, सोलकढी, माझी नाटके आणि माझे वडील यांच्याबद्दल बरेच काही सांगितले. बडीशेप येईपर्यंत माझा चेहरा भिंतीसारखा झाला होता. वेटरने काळजीने विचारले, खाना पसंद नै आया क्या?

शनिवार, मंगल कार्यालय

लग्नाचा मुहूर्त नव्हता म्हणून कार्यालय मिळाले होते. व्यवस्थापकाला आपल्या सेवेत कसर नको होती, त्यामुळे दारात येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडले गेले. व्यासपीठावर बसायला फक्त वधूवरांच्या लाल मखमली खुर्च्या होत्या. वाहतुकीचे अधिकारी वराच्या जागी बसले. नगररचनेच्या एका प्राध्यापिका वधूच्या जागी बसल्या आणि दोन दिवस शक्य तितक्या कडेला सरकून राहिल्या.

नोंदणीच्या टेबलाशी पहिला प्रसंग घडला. धोतर, पांढरा सदरा, टोपी आणि जाड चष्मा अशा वेशातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी निमंत्रण पुढे केले. त्यावर नाव होते मंगल शेळके, करमाड.

"मंगलताई कुठायत?" विद्याने विचारले.

"मी आलो ना. भगवानराव शेळके. सासरा हाय मी तिचा."

"पण चिठ्ठी त्यांची निघालीय."

"चिठ्ठी घराची निघाली. घरात मोठा कोण, मी. मीटिंगला कोण जातं, मी. तिला काय वाटतं ते विचारा मला. समदं माहीत हाय."

त्यांच्या मागे तिशीची एक बाई डब्याची पिशवी घेऊन उभी होती. तीच मंगलताई.

हा घोळ एकट्या भगवानरावांचा नव्हता. चिठ्ठीत धाकट्याचे नाव होते आणि थोरला आला होता, पोराचे होते आणि बाप आला होता. प्रत्येक घराने आपला उत्तम बोलणारा माणूस पाठवला होता, जसा लग्नाच्या बैठकीला पाठवतात. आमच्याकडे हा प्रश्न आला नसता. कोकणात कोणीच आले नसते, घरी बसून तक्रार केली असती. विद्याने सगळ्यांना हात जोडून परत पाठवले आणि खरी माणसे आणवली. भगवानरावांची सून तर हजरच होती. ते मात्र परत गेले नाहीत. सुनेला एकटीला कसे सोडणार, म्हणून दाराजवळ खुर्ची घेऊन डबा मांडीवर ठेवून बसले.

माझ्या गटाला वधूपक्षाची खोली मिळाली. चारी भिंतींना आरसे. मला माझी भुवई एकाच वेळी बऱ्याच बाजूंनी दिसत होती, हा मोठाच आधार होता.

प्रश्न साधा होता. शहरबसच्या ताफ्यातून जालना रस्त्यावर करमाडकडे एकच जादा गाडी देता येणार होती. ती पहाटे द्यावी, म्हणजे गावाकडची मुलेमुली शहरातल्या कॉलेजात वेळेवर पोचतील? की रात्री द्यावी, म्हणजे शेंद्र्याच्या कारखान्यांतली दुसरी पाळी सुटल्यावर कामगार घरी जातील? दोन्ही जमणार नाही, असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते.

एका काकांनी सुरुवात केली. "मला वाटतं, सकाळचीच द्यावी." आणि माझ्याकडे पाहिले. मी भिंत. "म्हणजे रात्रीचीबी वाईट नाय," ते म्हणाले. मी भिंत. "रात्रीचीच द्यावी खरं तर." एका दमात त्यांनी पुन्हा सकाळ गाठली आणि मग हळूच विचारले, "सर, माझं काय चुकलं का?"

मला नंतर कळले की या भागात पाहुणा समोर बसला की त्याचा चेहरा वाचून बोलणे ही साधी रीतभात आहे. आमच्याकडे पाहुण्याने हो म्हटले की नाही म्हणणे ही रीतभात. अर्धा तास माणसे माझ्या चेहऱ्यावर मत शोधत होती आणि मी ते लपवत होतो. शेवटी छावणीत राहणारे, जालना रस्त्यावर रिक्षा चालवणारे रफिकभाई कंटाळले.

"भाईलोग, सर हौ बी नै बोल्रे, नै बी नै बोल्रे. उनकू छोडो. तुम एक दूसरे कू देखो."

आणि माणसे खरेच एकमेकांकडे वळली. मानधन मी घेतले, काम त्यांनी केले.

मग बोलणे रंगले. करमाडच्या पुढच्या गावची पल्लवी साळवे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "सकाळची गाडी नसली की पहिला तास बुडतो. तो तास बुडाला की प्रॅक्टिकल बुडतं. सर लोक म्हणतात, पोरींना शिकायचं नसतं. शिकायचं असतं, गाडी नसती." रफिकभाईंचा दोन्ही गाड्यांना विरोध होता. "सवारी मेरी जाती, बस." मंगलताई दिवसभर गप्प राहिल्या. मी विचारले, ताई तुम्हाला काही म्हणायचं आहे? त्यांनी दाराकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना ती मुभा होती.

शनिवार, उरलेली दुपार, करमाड

सत्र संपल्यावर भगवानरावांनी मला गाठले. "सर, हुरडा खायला चला. पाहुणा आला आन तसाच गेला, असं नाय होत आमच्यात."

विद्या म्हणाली, "जा. पण बसचा विषय निघाला तर तोंड उघडायचं नाही."

"मग हुरडा कसा खाऊ?"

सून शेजारणींबरोबर रिक्षाने पुढे गेली. मी भगवानरावांच्या मोटारसायकलवर मागे बसलो. ऊन पाठीवर होते, रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. छान वाटत होते. तेवढ्यात ते मान न वळवता म्हणाले, "सर, पुढं ते काळं काय हाय? म्हैस का ट्रॅक्टर?"

"म्हैस."

"उभी का चालू राहिली?"

"उभी."

"मग ती बाजूला नाय व्हायची," असे म्हणून त्यांनी वळसा घेतला. शेंद्र्यापर्यंत मी त्यांना एक टेम्पो, दोन सायकली आणि पोलिसांचा एक अडथळा सांगितला. नाटकात प्रॉम्प्टिंग मी बऱ्याचदा केले आहे, पण नट वाक्य विसरला तर ट्रकखाली जात नाही.

त्यांची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांची बैठक. खाट, पत्त्यांचा जोड, पानाचा डबा आणि दाराशी दोन मित्र कायमचे. तिथे बसून शेणीच्या निखाऱ्यांत भाजलेला हुरडा खाल्ला, बरोबर लसणाची चटणी आणि ठेचा. कोवळी ज्वारी इतकी गोड असते हे मला या वयात कळले. कोकणात आम्ही ज्वारी पोत्यातून भेटते तशीच ओळखतो.

खाताखाता त्यांनीच सांगितले. मुलगा वाळूजला कामाला, आठवडाभर बजाजनगरला राहतो, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सून शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला, कंत्राटी. कंपनीची गाडी फक्त कायम कामगारांना. त्यामुळे दुसऱ्या पाळीनंतर तिला आणायला हे जातात.

"आता जमंना. समोरून लाइट आला की समदं पांढरं होतं. मोतीबिंदू हाय म्हणतात दोन्ही डोळ्यांत."

"मग ऑपरेशन?"

"डोळ्यात सुई घालतात म्हणं," ते म्हणाले आणि तो विषय ठेच्यात बुडवला. "ह्या महिन्याला तिला काम बंद करायला सांगितलं. बास झालं. तिलाबी पटलं हाय."

मंगलताई ताक घेऊन आल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सुपरवायझरनं माझं नाव कायमसाठी पाठवलंय, सर. निकाल यायचाय. त्याच्या आधी सोडलं तर नाव जातं." मग ताकाचा पेला माझ्यापुढे ठेवत, "तुम्हाला काय वाटतं?"

माझ्या तोंडात ठेचा होता. तो होता म्हणून मी बोलू शकलो नाही, असे मी स्वतःला सांगितले. डोळ्यांतून पाणी येत होते, त्याचेही कारण ठेचाच. एसटीने परत आलो.

रविवार, मंगल कार्यालय

सकाळी मंगलताई बोलल्या. दारामागून खोकला ऐकू येत होता, तरी बोलल्या.

"मला रात्रीची पाहिजे. नसली तर माझं काम सुटतं. पण ही पोरगी म्हणते ते मी काल ऐकलं. माझ्यामुळं तिचं कॉलेज सुटावं असंबी वाटत नाय. मग आता कशावर खूण करू, ते सांगा मला कुणीतरी."

पल्लवी आपल्या ओढणीचा काठ गुंडाळत बसली. ते काका माझ्याकडे पाहू लागले आणि आठवण झाल्यावर आरशाकडे पाहू लागले. मग पल्लवीनेच विचारले, "आमच्या गावाला आधी एसटी मुक्कामी यायची ना, तसं नाय का करता येत? रात्री यायचं, झोपायचं, सकाळी जायचं. एकच गाडी."

गटाने ठरवले की दुपारच्या सभेत हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारायचा.

दुपारी पल्लवीने माईक घेतला आणि विचारला. वराच्या खुर्चीतले अधिकारी चांगले होते, त्यांनी टाळाटाळ केली नाही.

"मुक्कामी गाडीचा विचार आमच्याकडे झाला होता. अडचण चालक-वाहकांची. त्यांना झोपायला खोली लागते. पाणी, संडास, दाराला आतून कडी. गावात भाड्याने घ्यायची आमच्याकडे तरतूद नाही. म्हणून तो पर्याय माहितीपत्रकात नाही."

मंगलताई उभ्या राहिल्या. माईक तोंडाला इतका चिकटला होता की आधी नुसता श्वास ऐकू आला.

"खोली असली तर?"

"कुठे?"

"करमाडला. रस्त्यालाच हाय."

"कोणाची?"

"आमची. बिनभाड्याची."

सभागृहातली सगळी डोकी दाराकडे वळली. तिथे भगवानराव डबा मांडीवर घेऊन बसले होते. त्यांची बैठक, खाट, पत्ते, पानाचा डबा आणि दोन मित्र त्या क्षणी सरकारजमा झाले होते. आणि हे त्यांना इतर सगळ्यांबरोबरच कळले होते.

"मामा," मंगलताई माईकमधूनच म्हणाल्या, "हाय ना आपली?"

घरात विचारले असते तर काय उत्तर मिळाले असते, हे मला ठेच्यासारखे स्पष्ट दिसत होते. पण हे घर नव्हते. ज्या घराची चिठ्ठी निघाली म्हणून ते मोठ्या तोऱ्यात आले होते, त्या घराच्या नावाने आता प्रश्न विचारला गेला होता, आणि सगळे मोठ्या माणसाच्या उत्तराची वाट पाहत होते.

भगवानराव उठले. टोपी सरळ केली.

"हाय," ते म्हणाले. आणखी काही बोलावे असे त्यांना वाटले असावे. "संडास हाय. पाणी हाय. कडी बाहेरून हाय, आतून लावून घेऊ."

टाळ्या वाजल्या. व्यवस्थापकाने सवयीने विद्याला विचारले, पेढे आणू का? अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि प्रस्ताव वर पाठवतो असे सांगितले. त्या वेळी माझी मान हलली. सभेतही ती बंदी लागू होती का, हे मी विद्याला अजून विचारलेले नाही.

त्यानंतर शेवटची प्रश्नावली वाटली गेली, आणि तिच्यात पुन्हा तोच प्रश्न होता. सकाळ की रात्र?

"आता तर दोन्ही जमलं ना," काका म्हणाले, "मग हे कामून विचारू राहिले?"

विद्याने समजावले की आधी आणि नंतर प्रश्न एकच असावा लागतो, नाहीतर मत बदलले की प्रश्न बदलला ते कळत नाही. तिचे बरोबर होते. लोकांचेही बरोबर होते. बऱ्याच जणांनी दोन्हींवर खूण केली आणि समासात 'मुक्कामी' असे लिहिले. उत्तरे मोजणारे यंत्र ते वाचू शकत नाही. विद्या म्हणाली, अहवालात ते ती हाताने लिहील, कारण दोन दिवसांतला खरा निष्कर्ष समासातच आहे.

निघताना मी रफिकभाईंना विचारले, तुमचे मत बदलले का?

"नै साब. पहले बी ना बोल्या था, अब बी ना बोल्रा. पन पहले मालूम नै था कायकू बोल्रा. अब मालूम है."

विद्याने हे वाक्य मला दोनदा म्हणायला लावले.

चिपळूण, बऱ्याच दिवसांनी

हा वृत्तांत लिहायला घेतला आणि राहवले नाही, म्हणून भगवानरावांना फोन लावला. आता मी गटसंचालक नव्हतो, त्यामुळे भुवया उचलून बोललो.

"गाडी आली का?"

"नाय अजून. प्रस्ताव वर गेलाय म्हणतात. किती वर, ते कुणाला माहीत नाय. खोलीला चुना मारला. आतून कडी लावली. दोन खाटा टाकल्या. मित्र दुसरीकडं बसतात."

"आणि मंगलताई?"

"जाऊ राहिली ना कामाला. आता कसं बंद करणार, सर? चारचौघांत खोली दिली. उद्या गाडी आली आन सूनच घरी बसलेली, तर लोक म्हणतील, शेळक्यानं गाडी मागितली कुणासाठी? आन नाव लागलं बरं का तिचं. कायम झाली."

"मग कंपनीची गाडी मिळाली असेल."

"नाय, ती करमाडला येत नाय, शहराकडं जाते. मीच आणतो."

"पण तुम्हाला तर लाइट सहन होत नाही."

"डावा डोळा केला. सुई नाय घालत, उगंच सांगतात लोक. लई स्वच्छ दिसतं. म्हशी लांबून कळतात."

"वा. आणि उजवा?"

"उजव्याचं बघू," भगवानराव म्हणाले. "गाडी आली नाय तर करू."